कर्मवीरांची शाळा आणि आपल्या म्हाताऱ्यांची स्मृती

कर्मवीर भाऊराव पाटील यांची जयंती दरवर्षी २२ सप्टेंबरला साजरी होते. प्रतिमेला हार घातला जातो, भाषणे होतात आणि कार्यक्रम संपतो. परंतु या माणसाच्या कार्याचा संबंध आपल्या वस्तीतील म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूशीही आहे, याचा विचार आपण कधी केला नाही. तो आता केला पाहिजे.

भाऊरावांचा जन्म १८८७ साली कोल्हापूरजवळील कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. वडील महसूल खात्यात नोकरीला असल्यामुळे त्यांचे बालपण आजच्या सातारा-सांगली परिसरात गेले. अस्पृश्यांना पाणी नाकारणाऱ्या विहिरीचा रहाट त्यांनी लहानपणीच मोडला. कोल्हापुरात शिकत असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर विटाळ धुण्यासाठी आंघोळ करण्यास त्यांनी नकार दिला. त्याची किंमत म्हणून त्यांना जैन बोर्डिंग सोडावे लागले. राजर्षी शाहू महाराजांच्या सहवासात त्यांची वैचारिक जडणघडण झाली. पुढे डांबर प्रकरणात खोटी साक्ष देण्यासाठी छळ झाला, तुरुंगवास झाला, तरी ते बधले नाहीत.

नंतर किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठी ते गावोगाव फिरले. त्या फिरतीत त्यांना दिसले की रयतेची मुले शाळेबाहेर आहेत आणि अस्पृश्यांची मुले शाळेच्या पायरीवरही नाहीत. दूधगाव आणि नेर्ले या आजच्या सांगली जिल्ह्यातील गावांत त्यांनी वसतिगृहांचे प्रयोग केले. सत्यशोधक चळवळीच्या प्रेरणेने १९१९ साली कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली, आणि १९२४ साली संस्था साताऱ्यात आली. याच साताऱ्यात १९०० साली बाल भीमरावाने इंग्रजी शाळेत प्रवेश घेतला होता, पण वर्गात त्याला वेगळे बसावे लागले होते. त्याच शहरात भाऊरावांच्या वसतिगृहात महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन मुले एका पंगतीला बसून जेवू लागली. धान्य संपले तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या गेल्या. पण वसतिगृह थांबले नाही. १९३५ साली शिक्षक घडवणारे विद्यालय, १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज आणि कमवा व शिका योजना सुरू झाली. मुलांनी शेतात, बांधकामावर राबायचे आणि पदवी घ्यायची! ९ मे १९५९ रोजी कर्मवीरांचे निधन झाले.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे म्हातारपणी माणूस विसरू लागला, वाट चुकू लागला की साठी बुद्धी नाठी म्हणून सोडून दिले जाते. वैद्यकशास्त्र याला डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश म्हणते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरील पाहणीच्या अंदाजानुसार भारतात साठीपुढील १०० पैकी सुमारे ७ जणांना हा आजार आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण अधिक आहे. लहानपणी शिक्षण कमी मिळणे हा या आजाराचा धोका वाढवणारा एक घटक आहे, हे जगभरच्या तज्ज्ञांनी मान्य केले आहे. मग ज्या समाजाला हजारो वर्षे शिक्षणाची बंदी होती, त्या समाजाच्या आज्या-आजोबांच्या मेंदूवर त्या बंदीचा काय परिणाम झाला? शिवाय स्मृती तपासताना वाक्य लिही, वजाबाकी कर असे सांगितले, तर निरक्षर आजी आजारी नसतानाही नापास होते. हे प्रश्न आपल्याच घरातून आलेला शास्त्रज्ञ आधी विचारील.

अमेरिकेत सॉलोमन कार्टर फुलर हे गुलामाचे नातू. १९०४ साली ते म्युनिकला अल्झायमर यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले आणि पुढे या आजारावर मोलाचे संशोधन केले. तरीही बोस्टन विद्यापीठात कृष्णवर्णीय म्हणून त्यांना डावलले गेले. तिथल्या पाहण्यांत कृष्णवर्णीय वृद्धांत हा आजार गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट आढळतो. त्यावर उपाय म्हणून वंचित समाजांतून संशोधक घडवण्याची केंद्रे तिथे १९९७ पासून उभी राहिली.

आपल्याकडे काय? राज्यघटनेचे कलम ४६ अनुसूचित जातींचे शैक्षणिक हित जपण्याची जबाबदारी राज्यावर टाकते. तरीही बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी आपल्या संशोधक विद्यार्थ्यांना मुंबईच्या आझाद मैदानात धरणे धरावे लागले. फेलोशिप थकली की सर्वात आधी गरिबाचे संशोधन थांबते, आणि त्याबरोबर गरिबाचा प्रश्नही थांबतो.

साताऱ्यात आज कर्मवीरांच्या नावाचे विद्यापीठ आहे. मिरज आणि साताऱ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथे शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी नोकरीवर न थांबता संशोधनाकडे वळावे, आणि संघटनांनी त्यांच्या फेलोशिपसाठी कायदेशीर व रस्त्यावरची लढाई लढावी. या दोन जिल्ह्यांतील वृद्धांची पाहणी जातनिहाय व्हावी, ही मागणीही आपणच लावून धरली पाहिजे. कर्मवीरांनी आपल्या मुलांना शाळेच्या आत आणले. त्या मुलांना प्रयोगशाळेच्या आत नेणे हे आपल्या पिढीचे काम आहे. जय भीम!