कार्बन ब्रशच्या ठिणग्या टेस्लाला खटकल्या, म्हणून आज आपली घरघंटी फिरतेय

हातातलं ड्रिल मशीन चालू केलं की मागच्या जाळीतून निळसर ठिणग्या दिसतात. कार्बन ब्रश झिजले की मशीन बंद पडतं आणि नवे ब्रश आणायला दुकान गाठावं लागतं. पण घरघंटी, लेथ किंवा विहिरीवरच्या पंपाची मोटार वर्षानुवर्षं चालते. तिथं ब्रशही नसतात आणि ठिणग्याही नसतात.

हा फरक ज्या माणसामुळं पडला, त्याचं नाव निकोला टेस्ला.

टेस्लाचा जन्म १० जुलै १८५६ चा. गाव स्मिलियान. आज ते क्रोएशियात येतं, तेव्हा ते ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं. वडील सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्चचे धर्मगुरू होते आणि पोरानंही तेच करावं असा त्यांचा हट्ट होता. पण शाळा संपली आणि टेस्लाला कॉलरानं गाठलं. पोरगं हातचं जातंय असं वाटल्यावर, बरा झाला तर इंजिनियरिंगला पाठवायचा शब्द वडिलांनी दिला. पोरगा बरा झाला आणि वडिलांनीही शब्द पाळला.

१८७५ साली तो ग्राझच्या कॉलेजात गेला. तिथं वर्गात एक डीसी मशीन दाखवायला आणलं होतं. ते मोटारीसारखं चालवलं की ब्रशपाशी ठिणग्यांचा पाऊस पडायचा. हे ब्रश काढूनच टाकता येतील, असं टेस्लानं सुचवलं. प्राध्यापकांनी सगळ्या वर्गासमोर ती कल्पना अशक्य म्हणून मोडीत काढली.

टेस्लाची डिग्री अर्धवट राहिली, पण ठिणग्या काही डोक्यातून गेल्या नाहीत.

१८८२ साली बुडापेस्टच्या बागेत मित्रासोबत फिरताना त्याला उत्तर सापडलं. दोन कॉईलमध्ये एसी करंट थोडा मागंपुढं करून सोडला, तर चुंबकीय क्षेत्र स्वतःच गोल फिरायला लागतं. मधला रोटर त्या फिरत्या क्षेत्राच्या मागं ओढला जातो. रोटरला वायर जोडायची गरजच उरत नाही, मग ब्रश कशाला? हीच इंडक्शन मोटार. इटलीत गॅलिलिओ फेरारिसही स्वतंत्रपणे याच कल्पनेपर्यंत पोहोचला होता.

१८८४ ला टेस्ला न्यूयॉर्कला गेला आणि एडिसनच्या कंपनीत लागला. एडिसनचा सगळा धंदा डीसीवर होता, तोही बल्बला सोसेल अशा ११० व्होल्टच्या आसपास. टेस्लानं काही महिन्यांतच नोकरी सोडली. पुढं स्वतःच्या नावाची कंपनी भागीदारांमुळं हातातून गेली आणि १८८६-८७ च्या हिवाळ्यात पोटासाठी खड्डे खोदायची वेळ आली.

पण दीड वर्षात चित्र पालटलं. मे १८८८ मध्ये मोटारीची पेटंट मिळाली आणि जुलैमध्ये जॉर्ज वेस्टिंगहाऊसनं करार केला. दर हॉर्सपॉवरमागं अडीच डॉलर रॉयल्टी ठरली.

अडचण वायरिंगची होती. वेस्टिंगहाऊसच्या लाईनमध्ये एकच फेज होता आणि करंट सेकंदाला १३३ वेळा उलटसुलट व्हायचा. टेस्लाच्या मोटारीला एकापेक्षा जास्त फेज आणि कमी वेग लागायचा. शेवटी कंपनीच्या इंजिनियरांनी ६० चा आकडा धरला. अमेरिकेत आजही तोच आहे, आपल्याकडं ५०. थ्री फेजची मोटार १८८९ मध्ये जर्मनीत डोलिवो-डोब्रोवोल्स्कीनं बनवली.

घरातल्या वर्कशॉपचा प्रश्न इथंच सुरू होतो. घरात एकच फेज येतो. एका फेजनं क्षेत्र फिरत नाही, जागच्या जागी मागंपुढं होतं. म्हणून मोटारीला कॅपॅसिटर लावून दुसऱ्या कॉईलचा करंट पुढं ढकलावा लागतो. फेज असा फोडायच्या युक्त्यांचीही पेटंट टेस्लाकडं होती. मोटार नुसती गुणगुणते आणि फिरत नाही, तेव्हा बऱ्याचदा हा कॅपॅसिटरच गेलेला असतो.

दुसरा प्रश्न व्होल्टेजचा. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. तेवढ्याच कामाला १२० व्होल्टवर २४० च्या दुप्पट करंट लागतो आणि त्याच वायरमध्ये चौपट उष्णता तयार होते. म्हणून अमेरिकेत मोठ्या करवतीसाठी लोक वेगळी २४० व्होल्टची लाईन घेतात. आपल्याकडं २३० आधीच आहे. पण चालू होताना इंडक्शन मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, म्हणून बारीक वायरचा एक्स्टेंशन बोर्ड तापतो. अशा मशीनला जाड वायर, १६ अँपिअरचा सॉकेट आणि नीट अर्थिंग हवंच. मोटार मोठी असेल तर थ्री फेज बरा, कारण ४१५ व्होल्टवर करंट तीन वायरींत वाटला जातो.

नोव्हेंबर १८९६ मध्ये नायगारा धबधब्याची वीज ४० किलोमीटरवरच्या बफेलो शहरात पोहोचली, ती टेस्लाच्याच पद्धतीनं. पण त्याआधीच वेस्टिंगहाऊस पैशाच्या अडचणीत आला होता आणि टेस्लानं रॉयल्टीवर पाणी सोडलं होतं. १८९७ मध्ये २ लाख १६ हजार डॉलर एकरकमी घेऊन त्यानं पेटंट देऊन टाकली.

पुढं बिनतारी विजेच्या प्रयोगात पैसा संपला. हॉटेलांची बिलं थकत गेली. ७ जानेवारी १९४३ ला न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात, ३३२७ नंबरच्या खोलीत, तो एकटाच गेला. वय होतं ८६.

रॉयल्टी चालू राहिली असती तर प्रत्येक एचपीमागं अडीच डॉलर त्याला मिळाले असते. त्या काळात गिरण्या आणि कारखान्यांत इंडक्शन मोटारी किती बसल्या, याचा हिशोब लावायला बसलं तर डोकं गरगरतं.