डोक्यात शिरलेला भुंगा

सदरलँड मूळचा आपल्याच बिरादरीतला, म्हणजे पेपरवाला. विल्यम गार्नर सदरलँड, जन्म १८७३, अमेरिकेतलं विस्कॉन्सिन राज्य. पोरवयात छापखान्यात पडेल ते काम करत तो पुढे मिनेसोटातल्या ऑस्टिन गावच्या दैनिकात संपादक झाला. आणि ऐन पंचविशीत ते सगळं सोडून १८९८ मध्ये मिसुरीतल्या कर्क्सव्हिलला शिकायला गेला! तिथे अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरनं ऑस्टिओपॅथीचं पहिलं कॉलेज काढलं होतं. औषधांपेक्षा हातांनी हाडं-स्नायू मोकळे करण्यावर तिथे भर होता.

कॉलेजात एक कवटी मांडून ठेवली होती, तिची हाडं सुटी केलेली. कानाजवळच्या हाडाची तिरकी कड बघून सदरलँडला माशाचे कल्ले आठवले. कल्ले म्हणजे श्वास. मग कवटीची हाडंही श्वासासारखी हलत असतील का? मोठ्या माणसाची कवटी घट्ट जुळलेली असते, असं पुस्तकं सांगत होती. विचार त्यालाही येडाच वाटला. १९०० मध्ये पदवी घेऊन त्यानं मिनेसोटात प्रॅक्टिस सुरू केली, पण हा भुंगा काही डोक्यातून जाईना. शेवटी त्यानं ठरवलं, आपलं म्हणणं खोटंच पाडून दाखवायचं.

त्यासाठी डोकं वापरलं स्वतःचंच, अगदी शब्दशः. लाकडी वाडगे, चामड्याचे पट्टे, बेसबॉलचे हातमोजे असलं काय काय जमवून त्यानं शिरस्त्राणं बनवली. ती घालून कवटीचा एकेक भाग दाबायचा आणि काय होतंय ते बघायचं. डोकं दुखायचं, स्वभावच बदलल्यासारखा व्हायचा. तो बदल टिपायला घरात होती बायको अ‍ॅडा. पुढे तिनंच त्याचं चरित्र लिहिलं. धाडस भारीच, पण प्रयोग करणारा तोच, पेशंट तोच आणि निकाल देणाराही तोच. खोटं पाडायला निघालेल्या सदरलँडची आपल्या कल्पनेवर पक्की श्रद्धा बसली.

मेंदू आणि मणक्याभोवतीचं पाणी, त्यावरची आवरणं, कवटी आणि कमरेखालचं त्रिकोणी हाड हे सगळं एका लयीत हलतं, असं त्यानं मांडलं. १९३९ मध्ये त्याचं छोटंसं पुस्तक आलं. नंतर शिष्य मिळाले, वर्ग सुरू झाले. १९५४ मध्ये तो गेला.

‘क्रेनिओसॅक्रल थेरपी’ हे नाव रूढ केलं ते जॉन अपलेजर या डॉक्टरनं, १९७०च्या दशकानंतर. पेशंट कपड्यांनिशी आडवा पडतो. थेरपिस्ट डोक्याखाली, कमरेखाली हात ठेवतो. दाब किती? सुमारे पाच ग्रॅम, म्हणजे चमचाभर साखरेचं वजन. मोडणं नाही, चोळणं नाही.

तासभर कुणी असे शांतपणे हात ठेवले तर बरं वाटतं, त्यात नवल नाही. पण ती लय? एकाच पेशंटची लय दोन थेरपिस्टना वेगवेगळी मोजायला लावली, तेव्हा त्यांचे आकडे जुळले नाहीत. ही तपासणी सदरलँडच्या प्रयोगांनंतर कितीतरी दशकांनी झाली. तोवर त्याचं तंत्र अमेरिकेबाहेरही पोचलं होतं.