कालुगा येथील बहिरे गुरुजी

रशियांतील रयाझान प्रांतांत इझेव्हस्कोये या खेड्यांत १८५७ सालीं कॉन्स्टन्टिन त्सिओल्कोव्हस्की यांचा जन्म झाला. दहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांस स्कार्लेट ज्वर आला. जीव वांचला, पण कान जवळजवळ गेले. पुढें मातोश्रीही निवर्तल्या. ज्या मुलास गुरुजींचें बोलणें ऐकूं येत नाहीं, त्यास शाळा ती कसली! ती लवकरच सुटली.

सोळाव्या वर्षीं वडिलांनीं त्यांस मॉस्कोस पाठविलें. तेथें तीन वर्षें त्यांनीं ग्रंथालयांत बसून स्वतःच गणित व पदार्थविज्ञान यांचा अभ्यास केला. घरून येणारा पैसा पुस्तकें व प्रयोगसाहित्य यांवर जाई. पोटास काळी भाकर. यानें प्रकृति खालावली. विद्यार्थ्यांनीं त्यांच्या अभ्यासाचें अनुकरण करावें, उपवासाचें नव्हे.

१८७९ सालीं ते शिक्षकाची परीक्षा उत्तीर्ण झाले. प्रथम बोरोव्हस्क येथें व १८९२ पासून कालुगा येथें त्यांनीं अध्यापन केलें. ऐकण्यासाठीं घरीं बनविलेला कर्णा ते कानास लावीत. शाळेच्या कामांतून उरलेल्या वेळांत, १८९७ सालीं, त्यांनीं वायुप्रवाहाचें एक यंत्र उभारून निरनिराळ्या आकारांस हवेचा विरोध किती होतो तें मोजलें.

१९०२ सालीं त्यांच्या एका मुलानें आत्महत्या केली. त्याच्या पुढच्याच वर्षीं त्यांचा तो प्रसिद्ध निबंध एका रशियन मासिकांत आला. अवकाशांत हवा नाहीं, म्हणून तेथें पंख निरुपयोगी. अग्निबाण मात्र आपल्याच उदरांतील वायु मागें फेंकून पुढें जातो. त्याचा वेग दोन गोष्टींवर ठरतो : वायु किती वेगानें बाहेर पडतो, आणि भरलेल्या बाणाचें वजन रिकाम्याच्या किती पट आहे. दारूऐवजीं द्रवरूप हायड्रोजन व ऑक्सिजन जाळावे, असें त्यांनीं सुचविलें. निबंधाकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. १९०८ सालीं ओका नदीच्या पुरांत त्यांचे कित्येक कागद नष्ट झाले.

गणित सर्वांस वाचतां येत नाहीं, हें शिक्षकावांचून कोणास अधिक ठाऊक असणार? त्यांनीं कथाही लिहिल्या. १९२० सालीं निघालेल्या ‘पृथ्वीबाहेर’ या कादंबरींत हिमालयांतील एका वाड्यांत जमलेले नाना देशांचे शास्त्रज्ञ अग्निबाणांतून अवकाशांत जातात, वजनहीन स्थितींत राहतात व तेथेंच रोपें वाढवितात.

स्वतः त्यांनीं एकही बाण अवकाशांत सोडला नाहीं. १९३५ सालीं कालुगा येथें त्यांचा अंत झाला. बावीस वर्षांनीं पहिला कृत्रिम उपग्रह वर गेला, आणि १९५९ सालीं ‘लूना ३’ या निर्मनुष्य यंत्रयानानें चंद्राच्या पाठीमागचीं छायाचित्रें पाठविलीं. त्यांत काळ्या तळाचें एक मोठें विवर दिसलें. त्यास या गुरुजींचें नांव दिलें आहे. पृथ्वीवरून तें कधींच दिसत नाहीं.