विल्यम ऑट्रेड

जुन्या इंग्रजी चित्रपटांत अभियंता हातातील पट्टी मागेपुढे सरकवून क्षणात हिशेब करताना दिसतो. ती पट्टी म्हणजे स्लाइड रूल. तिचा जनक विल्यम ऑट्रेड याचा जन्म १५७४ साली इंग्लंडमधील ईटन येथे झाला. केंब्रिज येथे शिकून तो आल्बरी गावी धर्मोपदेशक झाला. फावल्या वेळी तो विद्यार्थ्यांना विनामूल्य गणित शिकवी.

१६१४ साली नेपियरने लॉगॅरिदम प्रसिद्ध केले आणि गुणाकाराचे काम बेरजेने होऊ लागले. सुमारे १६२२ साली ऑट्रेडने लॉगॅरिदमच्या खुणांच्या दोन पट्ट्या शेजारी ठेवून सरकवल्या. तेव्हा ती बेरीजही करावयास नको झाली. तथापि आधी तत्त्व समजावे, मगच साधन हाती घ्यावे, अशी त्याची धारणा असल्याने त्याने हा शोध प्रसिद्ध केला नाही. १६३० साली डेलामेन या शिष्याने वर्तुळाकार साधन स्वतःच्या नावे प्रसिद्ध केले आणि गुरुशिष्यांत कटू वाद जुंपला.

१६६० साली ऑट्रेड निवर्तला. १९७० नंतरच्या दशकात खिशातील गणकयंत्राने स्लाइड रूल मागे सारली. परंतु ऑट्रेडने १६३१ च्या ग्रंथात योजिलेले गुणाकाराचे × हे चिन्ह आदिलाबादच्या विद्यार्थ्यांच्याही वहीत आज नित्य उमटते. साधने बदलतात; समजून घेतलेले तत्त्व मात्र टिकते.