गुलाबाची सर्दी ओळखणारे हकीम राझी

वसंतात गुलाब फुलले की बल्खचे विद्वान अबू झैद अल-बल्खी यांचं नाक गळायला लागायचं. साधी सर्दी म्हणून कुणीही सोडून दिलं असतं. हकीम अबू बक्र अल-राझी यांनी मात्र त्यावर एक स्वतंत्र रिसाला लिहिला. ॲलर्जीच्या सर्दीबद्दलच्या सर्वांत जुन्या नोंदींत त्याची गणना होते.

राझींचा जन्म इ.स. 865 च्या सुमारास, आजच्या तेहरानजवळच्या रय शहरात झाला. आधी रय आणि मग बगदादच्या शफाखान्याचे ते प्रमुख झाले. पेशंटला नीट बघायचं आणि दिसेल ते लिहून ठेवायचं, ही त्यांची पद्धत. देवी आणि गोवर यांतला फरक त्यांनी सविस्तर लिहिला. थोर यूनानी हकीम जालीनूस यांच्या मतांवर शंका घेणारा ग्रंथही लिहिला. ज्यांच्याजवळ हकीम नाही अशा सामान्य लोकांसाठी त्यांनी उपचारांचं वेगळं पुस्तक केलं.

बल्खींच्या सर्दीचं कारण त्यांनी त्या काळच्या समजुतीप्रमाणे, शरीरातल्या रसांच्या आधारे सांगितलं. ते पुढे टिकलं नाही. पण त्रास कधी होतो आणि कशाजवळ गेल्यावर होतो, हा त्यांनी धरलेला धागा बरोबर होता. 1873 मध्ये इंग्लंडच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःवर प्रयोग करून गवताच्या परागांवर बोट ठेवलं. 1937 मध्ये डॅनियल बोवे यांनी पहिलं अँटीहिस्टामिन शोधलं.

आज शिंका, खाज आणि नाक गळणं यांवर सेटिरिझिन, लोराटाडिनसारख्या गोळ्या आहेत. क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या गोळीने जास्त झोप येते, ती घेऊन गाडी चालवू नये. नाक सतत चोंदत असेल तर स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे जास्त उपयोगी, पण तो रोज नेमाने मारावा लागतो, पूर्ण गुण यायला काही दिवस जातात. चोंदलेलं नाक झटपट मोकळं करणारे थेंब मात्र तीन-चार दिवसांवर वापरू नयेत, नाहीतर थेंबांमुळेच नाक बंद राहायला लागतं. लहान मुलं आणि गरोदर बायकांना डॉक्टरांना विचारूनच औषध द्यावं.

अखेरच्या काळात राझींची नजर गेली. इ.स. 925 च्या आसपास रयमध्येच त्यांचा इंतकाल झाला. घरात कुणाला दरवर्षी ठरावीक दिवसांत सर्दी होत असेल, तर राझींसारखं करा: महिना, जागा, आसपास काय होतं ते लिहून ठेवा, आणि तो कागद घेऊनच डॉक्टरांकडे जा.