उतावळ्या टिळकांचा धीर

आम्ही तारनाक्याला राहणारी मराठी माणसे. आमची मुले शाळेत इंग्रजी बोलतात आणि रस्त्यावर तेलुगू-हिंदी. रविवारी हाती गीतपुस्तक दिले की मराठी अक्षरे लावताना अडखळतात, आणि शिकवणाऱ्याचा धीर सुटतो. माझा तर कितीदा सुटला आहे! त्या पुस्तकातील पुष्कळ गीते रेव्ह. नारायण वामन टिळकांची. ते स्वतःही उतावळे होते, म्हणून त्यांची आठवण येथे करावीशी वाटते.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी झाला. वडील तापट, आई लहानपणीच वारली. पुढे ते नाशकास शिकले आणि १८८० साली लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला.

त्यांचा स्वभाव मोकळा व तडफदार होता. मनात आले की काव्य कागदावर उतरे, आणि कोणी गरजू दिसला की खिशातील पैसा त्याच्या हातात जाई. पटले ते करायला ते दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नसत. ही देवाने दिलेली देणगीच होती. पण घरात पैशाची ओढाताण सुरू झाली की तीच तडफ रागाचे रूप घेई. मग ते बायकोवर चिडत, न सांगता घराबाहेर पडत, आणि राग ओसरला की पश्चात्ताप करीत. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथेत हे सारे हसतखेळत, काही न लपवता लिहून ठेवले आहे.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातेवाइकांच्या आश्रयाने पंढरपुरास राहिल्या. काही वर्षांनी त्या पतीकडे परत आल्या, पण आपले सोवळे सांभाळून. ज्याला दोन दिवस थांबवत नसे, त्या माणसाला आता वर्षानुवर्षे थांबावे लागले. कवितेचा वेग येथे कामाचा नव्हता, आणि वादात जिंकूनही काही साधणार नव्हते. जातिभेदाचा विचार लक्ष्मीबाईंनी आपल्याच मनाशी केला, आणि १९०० साली आपल्याच पावलांनी त्या बाप्तिस्म्यास आल्या.

याचा अर्थ टिळक शांत झाले असे नाही. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी त्याच उत्साहाने केले, आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. ९ मे १९१९ रोजी मुंबईस ते प्रभूकडे गेले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे होते. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी. लग्नाच्या वेळी त्यांना धड अक्षरओळखही नव्हती!

प्रिय शिक्षकबंधुभगिनींनो, आपला वेग, आपला नेटकेपणा, आपली तळमळ हे दोष नव्हेत. पण थकव्यात आणि घाईत आपला राग याच दारातून आत शिरतो. ज्याचा जो गुण मोठा, त्याने तेथेच पहारा बसवावा. पुढच्या रविवारी एखादे मूल ‘ख्रिस्ती’ शब्दावर अडखळले, तर आपण ओळ पुरी करून टाकू नये. त्याला ती लावू द्यावी. हळू वाचणारे हेच मूल उद्या आपले अपुरे काम पुरे करणारे असेल.