न्यायमूर्ती सय्यद अमीर अली आणि वक्फचा वाद

एखाद्याने आपली जमीन अल्लाहच्या नावे वक्फ केली आणि तिचे उत्पन्न आधी आपल्या मुलाबाळांना व वंश खुंटल्यावर गोरगरिबांना मिळावे असे लिहून ठेवले, तर ते दान मानावे की नाही? या प्रश्नावर कलकत्ता उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी आपल्याच सहकाऱ्यांच्या बहुमताविरुद्ध निकाल लिहिला. ते सय्यद अमीर अली.

त्यांचा जन्म 1849 मध्ये कटक येथे झाला. घडण मात्र बंगालमधील हुगळीची. तेथील महाविद्यालय हाजी मुहम्मद मोहसिन यांच्या वक्फमधून उभे राहिले होते. वक्फ म्हणजे काय, हे त्यांना ग्रंथांआधी वर्गाच्या भिंतींनीच शिकवले असावे, असे मला वाटते. पुढे ते लंडनला गेले आणि 1873 मध्ये बॅरिस्टर झाले. कलकत्त्यास परतून त्यांनी वकिली केली, मुस्लिम कायद्यावर ग्रंथ लिहिले. 1890 मध्ये ते न्यायमूर्ती झाले. ‘द स्पिरिट ऑफ इस्लाम’ हा त्यांचा ग्रंथ जगभर वाचला गेला. त्यातील काही मते आम्हा मदरशात शिकलेल्यांना मान्य होत नाहीत. पण वक्फच्या बाबतीत ते फिक्हच्या बाजूने ठाम उभे राहिले.

बिकनी मिया खटल्यात पूर्णपीठाच्या बहुमताने कौटुंबिक वक्फ अमान्य ठरवला. अमीर अलींचे म्हणणे असे की, शरीअतमध्ये आप्तांचे पालनपोषण हाही सदकाच आहे. इंग्रजांच्या धर्मादायाच्या कल्पनेने त्याचे माप काढता येणार नाही. 1894 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने सिल्हेटच्या दोघा भावांचा वक्फ रद्द केला आणि त्यातील गरिबांचा हक्क केवळ नाममात्र ठरवला. अमीर अलींचे मत तेथेही फेटाळले गेले. अर्थात, देणेकऱ्यांपासून मालमत्ता वाचवण्यासाठी वक्फची ढाल करणारेही होते, हे आपण नाकारू नये.

1904 मध्ये ते निवृत्त होऊन इंग्लंडला स्थायिक झाले आणि 1909 मध्ये त्याच प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर बसणारे पहिले भारतीय ठरले. वक्फचा प्रश्न मात्र न्यायासनावरून नव्हे, कायदेमंडळातून सुटला. मौलाना शिबली नोमानी यांनी त्यासाठी चळवळ केली, मुंबईच्या मुसलमानांचे प्रतिनिधी महंमद अली जिना यांनी 1911 मध्ये विधेयक मांडले आणि 1913 मध्ये कौटुंबिक वक्फ कायदेशीर झाला. तरीही आधीचे वक्फ त्या संरक्षणाबाहेरच राहिले. त्यांनाही ते मिळाले 1930 च्या कायद्याने. अमीर अलींचे निधन त्याआधी दोन वर्षे, 1928 मध्ये, झाले होते.